न दिसणारीच्या मागे

भिंतीत कुणीतरी कण्हत होतं.

नीरजाने पाळण्यावरचा हात काढला नाही. आत तिचा छोटा भाऊ निमिष झोपला होता. मंगळावरचं त्यांचं घर जमिनीखाली होतं. वर धुळीच्या वादळाने सौरपट्ट्या झाकल्या होत्या. आता साठवलेली होती तेवढ्याच विजेवर घरात हवा येत होती.

"आत्या, हवेच्या पंख्यात कुणीतरी आहे."

वस्तीतली यंत्रं सांभाळणाऱ्या सुलभाआत्याने भिंतीतल्या पंख्याच्या जाळीला कान लावला. "आहे खरं."

"घाबरवू नकोस ना गं."

"अगं, मोटरच्या तारांतून प्रत्यावर्ती प्रवाह (सतत दिशा बदलणारी वीज) वाहतो. त्याने आत एक चुंबकीय ओढ गोल गोल धावते. दिसत नाही, थांबत नाही. मधला दांडा सारखा तिच्या मागे पळतो, म्हणून पंखा फिरतो."

"पकडतो तिला?"

"कधीच नाही. गाठलं की ओढच संपली."

नीरजाने निमिषचं पांघरूण सारखं केलं. "मग आज कण्हतोय का?"

आत्याने मोटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "तापलीय. पट्ट्या झाडायला जाताना तुझ्या बाबाने वीज वाचवायला नुसता विद्युतदाब (वीज ढकलणारा जोर) कमी केलाय. ओढ दुबळी झाली, दांडा मागे पडतो आणि तारा जास्त प्रवाह खेचून तापतात. जळली तर संपलं. दुसरी मोटर नाही आपल्याकडे."

नीरजा भिंतीकडे बघत राहिली. "म्हणजे पळणारा दमलाय, आणि ती पुढची मात्र तश्शीच धावतेय. तिला सांग ना, हळू पळ म्हणून."

"तेच करायचंय. वारंवारता (प्रवाह सेकंदात किती वेळा हेलकावतो ती संख्या) कमी केली, की ती सावकाश धावते. दाब त्याच प्रमाणात ठेवायचा. ये, ही चकती तूच फिरव."

नीरजाने चकती फिरवली. कण्हणं खोल गेलं, अजून खोल, आणि मग ऐकूच येईना. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"थांबला?" तिने विचारलं.

आत्याने पाळण्याकडे बोट दाखवलं. निमिषचं जावळ हलत होतं. अगदी हळू, पण हलत होतं.

"निम्म्या वेगाला वीज साधारण आठवा हिस्साच लागते. वादळ सरेपर्यंत पुरेल. मग याला पहिल्यांदा सूर्य दाखवू."

आत्या बाबांना कळवायला गेली. नीरजाने जाळीजवळ तोंड नेलं.

"सूर्य येईपर्यंत अशीच पळत राहा हं," ती कुजबुजली. "याला तुझा वारा लागतो."

आतून गार झुळूक तिच्या गालाला लागली.