चुकीची निळी गाडी

ग्रेडीला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच नेल पेट्रोल पंपाच्या दुकानातून बाहेर पडली. एका हातात चिप्सची पाकिटं, दुसऱ्या हातात सरबताच्या बाटल्या, दातांत पावती. वर आभाळ हिरवट काळं झालेलं, आणि साउथ डकोटाच्या त्या सपाट माळावर वारा असा काही सुटलेला की केस डोळ्यांवरून हटेनात. समोर निळी, लांबोडकी गाडी दिसली. तिनं कोपरानं दार उघडलं, धपकन आत बसली, दातांतली पावती काढली आणि बोलायला लागली.

"हे बघ ग्रेडी, तुला तिखटच चिप्स लागतात म्हणून मी दोनदा रांगेत उभी राहिले. आता वाटेत पुन्हा तो गळा काढलास ना, तर तुला इथंच माळावर सोडून जाईन. चल, काढ गाडी!"

"काढली असती," शेजारून आवाज आला, "पण जायचं कुठं, ते तरी सांगा..."

नेलनं केस बाजूला केले. शेजारी ग्रेडी नव्हता. उन्हानं रापलेला, नाकावर ठिपके असलेला एक तरुण स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून अगदी आदबीनं तिच्याकडे बघत होता.

"अगं बाई! ही आमची गाडी नाही!"

"नाही ना. मलाही तीच शंका आली."

ती दाराकडे वळली आणि तेवढ्यात टपावर ताड् ताड् आवाज सुरू झाला. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा. बाहेर पाऊल टाकायची सोय राहिली नाही.

"बसा ना," तो म्हणाला.

"बसल्येच आहे की!"

पुढची एक गार थेट काचेवर आली आणि काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले. नेल किंचाळली. त्यानं मागच्या सीटवरचं जाडजूड जाकीट ओढलं आणि तिच्या डोक्यावर धरलं. फक्त तिच्याच. काचेचे बारीक कण त्याच्या केसांत पडत होते, आणि तो मात्र हात ताणून जाकीट धरून बसला होता.

"अहो, स्वतःच्या डोक्यावर पण घ्या की!"

"जाकीट लहान आहे."

"मग इकडे सरका!"

तो सरकला. जाकिटाखालच्या त्या अंधारात दोघांची डोकी एकमेकांना लागली. बाहेर जग फुटत होतं... आणि आत नेलला कारण नसताना हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना.

"तुम्ही हसताय?" तो चकित.

"तुम्ही तुम्ही काय? मी काय तुझ्या आजीच्या वयाची आहे?"

"बरं... तू हसतेयस?"

"तिखट चिप्स खाणार?" नेल म्हणाली.

त्याचं नाव एमेट. विस्कॉन्सिनला बहिणीचं लग्न उरकून तो माँटानाला, फ्लॅटहेड तळ्याकाठच्या घरी निघाला होता. तिथं त्यांची चेरीची बाग होती. वडील गेल्यापासून ती तो आणि त्याची आई, दोघंच सांभाळत. फळ उतरवायला आलं होतं, आणि त्याला पोचायची घाई होती. गारा थांबल्यावर त्यानं फुटलेल्या काचेकडे पाहिलं आणि केसांतले कण झटकायला लागला. नेलला ते बघून फार वाईट वाटलं.

त्यांची तशीच निळी गाडी पंपाच्या छपराखाली सुखरूप उभी होती. गारा येणार हे ओळखून येसेनियानंच ती तिकडे हलवायला लावली होती. येसेनिया म्हणजे नेलची शाळेपासूनची मैत्रीण. चण लहान, पण हुकूम पोलीस पाटलाचा. ग्रेडी गाडीचा मालक, ताडमाड उंच आणि सदा भुकेला. तिघं मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरहून निघाले होते ते थेट पॅसिफिक महासागर गाठायला. खरं तर चौघं निघणार होते. चौथा होता टॉड, पण एप्रिलमध्ये त्यानं नेलला सांगितलं, की आपल्याला 'जरा मोकळं राहायचंय'. त्यामुळे मागच्या सीटवर नेलच्या शेजारी आता बर्फाची पेटी बसली होती.

"काच यायला तीन-चार दिवस लागणार," नेल मित्रांना म्हणाली. "आपण त्याच रस्त्यानं चाललोय. नेऊ या ना त्याला."

"आणि खुनी असला तर?" येसेनियानं डोळे बारीक केले.

"खुनी माणूस 'बसा ना' म्हणत नाही."

"तेच म्हणतो! पहिलं वाक्य तेच असतं त्याचं!"

ग्रेडीनं एमेटला लांबून एकच प्रश्न विचारला, "काय रे, गाता येतं का?"

"अजिबात नाही."

"मग चल. इथं कुणालाच येत नाही."

बर्फाची पेटी डिकीत गेली.

मग रस्ता आणि रस्ता. वायोमिंगचे पिवळे डोंगर, ट्रकांच्या लांबच लांब रांगा, खिडकीतून येणारा रानगवताचा वास. मागच्या सीटवर दोघं आधी आपापल्या खिडकीला चिकटून बसली होती. दुपारपर्यंत मधलं अंतर कसं कोण जाणे, कमी झालं. वळणावर त्याचा खांदा हिच्या खांद्याला लागे. वळण संपलं, की तो लगेच सरळ होई... जरा जास्तच लगेच. नेल मनात म्हणे, हा देश एवढा सरळसोट कुणी बांधला? आणखी थोडी वळणं ठेवायला काय हरकत होती?

"तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" तिनं विचारलं.

"सरळ उत्तर देऊ? कोरडी हवा."

"म्हणजे पाऊस नाही आवडत?"

"चीड येते मला पावसाची."

"बाई गं! येसेनिया, ऐकलंस? पाऊस न आवडणारा माणूस आपण गाडीत घेतलाय. तुझा खुनीच बरा होता!"

"पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला ना, की तिची साल फुटते," एमेट म्हणाला. "देठाच्या खळग्यात पाणी साचतं, फळ ते पितं आणि तडकतं. वर्षाची मेहनत एका सकाळी जाते. तू खिडकीत कॉफी घेऊन बसत असशील पाऊस बघत. आमच्याकडे आई देवाशी भांडत असते."

नेल हळूच म्हणाली, "कॉफी नाही रे. चहा."

तो हसला. हसताना त्याच्या नाकावरचे ठिपके गोळा होत. हे तिनं पाहिलं आणि पटकन खिडकीबाहेर बघायला लागली. टॉडनंतर तिनं स्वतःला बजावलं होतं, की आता वर्षभर कुणाच्या नाकाकडे म्हणून बघायचं नाही.

माँटानात शिरल्यावर एका खाणावळीत ते जेवायला थांबले. ग्रेडीनं सगळ्यांसाठी चेरीचा 'पाय' मागवला, आत फळांचं गोड सारण भरून भाजलेला. एमेटनं चमच्यानं आतलं सारण उचलून पाहिलं आणि त्याचा चेहरा एखाद्या सुतकातल्या माणसासारखा झाला.

"डब्यातल्या आहेत."

"मुकाट्यानं खा," नेल म्हणाली.

"मी डब्यातली चेरी खात नाही. घराण्याचा प्रश्न आहे."

"आ कर." तिनं चमचा त्याच्या तोंडापुढे धरला. तो क्षणभर चमच्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला... आणि त्यानं आ केला. समोर येसेनियानं ग्रेडीला टेबलाखालून लाथ मारली.

तेवढ्यात एमेटचा फोन वाजला. आईचा होता. तो बाहेर जाऊन बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा रंग उतरला होता.

"परवा पाऊस सांगितलाय. आई घाबरलीय... तुम्ही इथून यलोस्टोनला वळणार आहात. मला स्टँडवर सोडा, मी बस बघतो."

यलोस्टोनचं ते उसळणारं गरम पाणी बघायचं, हे ग्रेडीचं लहानपणापासूनचं स्वप्न. त्यासाठी त्यानं खास टोपीसुद्धा घेतली होती. नेलला विचारायचा धीर होईना. विचारणार तरी कोणत्या तोंडानं?

ग्रेडीनं टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. "ते पाणी माझ्या आजोबांच्या आधीपासून उसळतंय. आणखी एक वर्ष उसळेल. चेरी कुठं थांबायला तयार आहे?"

"ग्रेडी..." नेलनं डोळे पुसले.

"रडू नकोस. उरलेला 'पाय' दे इकडे."

ते पोचले तेव्हा तळं शांत होतं आणि डोंगरावर ढग बसले होते. एमेटची आई रूथबाई ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी मुलाला मिठी मारली, मग पाहुण्यांकडे बघत विचारलं, "यातली गाडी चुकलेली कोण?"

नेल लाल झाली. म्हणजे यानं फोनवर सगळं सांगितलं होतं तर!

पाऊस दुसऱ्या दिवशी उजाडताच आला. श्रीमंत बागायतदारांनी झाडं वाळवायला हेलिकॉप्टरं बोलावली होती. त्यांची घरघर तळ्यापलीकडून ऐकू येत होती. रूथबाईंकडे ट्रॅक्टरला जोडलेला एक जुना पंखा होता आणि बाकी होते ते हात. पावसाची सर थांबली, की प्रत्येक फांदी धरून हलवायची, फळावरचं पाणी खाली पाडायचं. पुन्हा सर आली, की पुन्हा पहिल्यापासून.

"भाजी झटकतात तसं झटक," रूथबाई येसेनियाला ओरडून सांगत होत्या, "कुस्ती नको खेळूस झाडाशी!"

नेलच्या मानेवरून, बाह्यांतून, बुटांतून पाणी वाहत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आभाळाकडे बघून शिवी दिली. ती फांदी हलवायला गेली, तर तीच फांदी पलीकडून एमेटनं धरली होती. दोघांनी एकदमच हलवली आणि सगळं झाड दोघांच्या अंगावर रिकामं झालं.

"आता कसा वाटतो पाऊस?" तो ओरडला.

"चीड येते मला त्याची!"

ती हसत होती, तिचे केस गालाला चिकटले होते. एमेटनं हात पुढे केला, गालावरचं चेरीचं पान काढलं... आणि हात तिथंच राहिला.

"नेल, मी तुला... म्हणजे, तू—"

"एमेट! पंखा अडकलाय!" आईची हाक आली.

हात गेला. वाक्यही गेलं.

दुपारी ऊन पडलं. तळ्याकडच्या रांगांतली थोडी फळं फुटली, बाकीची बाग वाचली. रूथबाई भिजक्या शिडीवर बसून हसत-रडत होत्या. त्यांनी ग्रेडीला एवढं वाढलं, की तो प्रथमच 'पुरे' म्हणाला.

पण समुद्राकाठची खोली ठरलेली होती, सिअ‍ॅटलहून नेलचं परतीचं विमान ठरलेलं होतं. सकाळी गाडीत सामान चढलं. एमेट चेरीची टोपली घेऊन आला. टोपली मागच्या सीटवर ठेवली, तिला पट्टासुद्धा बांधला. मग नेलसमोर उभा राहिला. तिनं वाट पाहिली. त्यानं बुटाकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं.

"जपून जा," तो म्हणाला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशी नेल म्हणाली, "जपून जा! एवढंच? जपून जा तर टोलनाक्यावर पण लिहिलेलं असतं!"

"तू काय म्हणालीस?" येसेनियानं पुढून विचारलं.

"...'हो'."

"वा! दोघांनी अगदी तोंडाचा पट्टाच सोडला की."

"वूस्टरची मुलगी त्याला कशाला हवी असेल? आणि मला पुन्हा कुणी मोकळं राहायचंय म्हणालं तर... नको गं."

"नेल," ग्रेडी आरशातून बघत म्हणाला, "मी यलोस्टोन काही चेरीसाठी सोडलं नव्हतं, बरं का."

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅसिफिक आला. राखाडी, थंडगार, धुक्यातून गर्जणारा. ग्रेडी आणि येसेनिया बूट फेकून, किंचाळत पाण्यात धावले. सगळा देश ओलांडून आलो ते यासाठी, नेल मनात म्हणाली. आणि तिला समुद्र दिसेचना. तिनं फोन काढला.

"हॅलो?" तिकडून पानांची सळसळ ऐकू आली.

"एमेट, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल. मला तू आवडतोस. म्हणजे नुसता आवडतोस असं नाही... मी प्रेमात पडलेय तुझ्या. झालं. आता काय ते बोल."

त्याचा आवाज आला, "थांब... मी शिडीवर आहे. हे शिडीवर ऐकण्यासारखं नाही."

बादली कुठंतरी आपटली. पायऱ्या करकरल्या. धापा टाकल्याचा आवाज आला.

"हं. उतरलो. पुन्हा म्हण."

"आगाऊ! एकदा सांगितलं ना!"

"लाटांमुळे नीट ऐकू आलं नाही."

तिनं पुन्हा सांगितलं, लाटांच्या वरताण. वाळूत पतंग उडवणारं एक म्हातारं जोडपं थबकून तिच्याकडे बघायला लागलं.

"नेल," एमेट हळू म्हणाला, "काल मी जे म्हणालो ना, ते मला म्हणायचंच नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?"

"जाऊ नकोस."

मागून रूथबाईंचा खणखणीत आवाज आला, "तिला विचार, अर्ध्या वाटेवर, स्पोकेनपर्यंत बसनं येईल का! पुढं आपला ट्रक आहे!"

नेल मटकन वाळूत बसली. हसत होती, डोळे पुसत होती. ग्रेडी आणि येसेनिया थंडीनं कुडकुडत पाण्यातून बाहेर आले.

"काय म्हणाला?"

"जाऊ नकोस म्हणाला."

"आत्ता?" येसेनियानं कपाळाला हात लावला. "जमीन संपल्यावर? आणि तुझं विमान? तुझी शाळेतली नोकरी?"

"शाळेला अजून सुट्टी आहे, गं," नेल म्हणाली, आणि घाईघाईनं बुटातली वाळू झटकायला लागली.