बुचाची मूठ

ऐका, अन् मधात बोलू नका. कामरगावात सैफुद्दीन खरादी होता, लाकूड कातनारा. पाळन्याचे पाय, लाटनं, भवरा, जे म्हनाल ते खरादावर काढून देये. घरात बायको मेहरबी अन् लहाना भाऊ गुलाम नबी. मायबाप गेल्यावर नबीले त्यानंच हातानं चारून वाढवलं. आता नबीले चांगल्या मिशा फुटल्या, तरी तो नजरेआड झाला का सैफुद्दीनचा जीव टांगनीले लागे.

तवा शेजारच्या धनज गावाले गोऱ्या साहेबाचा तंबू पडला होता. साहेबाचा शिपाई मासे धराची काठी घेऊन आला. काठी झकास, पन मूठ बुचाची, अन् ते बूच झिजून खड्डेच खड्डे.

"बाजाराच्या दिवशी नेतो," शिपाई म्हने, "नवी दिसली पाह्यजे."

सैफुद्दीननं अक्कल लढवली. जुनी बुचं कानशीनं घासून भुगा कराचा, सरसात कालवून खड्ड्यात भराचा, वाळला का काचकागद माराचा. वरून चपड्याचं पॉलिश, म्हंजे पानी शिरत नाई. पन बुचं आनाची कुठून? नबी गेला अन् दवाखान्यामागच्या उकिरड्यावरून सदऱ्याच्या ओट्यात भरून घेऊन आला.

मेहरबी भडकली. "नबी, हे पटकीच्या साथीतल्या शिशायचे बुचं हायेत! ज्याईच्या उशाशी त्या शिशा होत्या, ते सारे मातीत गेले."

"भाभी, बूच काय कोनाचं नाव सांगते?" नबी दात काढून हासला.

मूठ झाली. गुळगुळीत, मधावानी चमके. पन सकाळी पाह्यलं त भरलेलं बूच फुगून वर आलेलं. सैफुद्दीननं घासलं, पॉलिश मारलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा वर, अन् पॉलिशले एक चरा नाई. चार लांबट उंचवटे, एक जाड आखूड. मुठीत धरलं का ते नेमके आपल्या बोटायच्या बेचक्यायत बसत. जसं कोनं बोटात बोटं गुतवली.

अन् मूठ कोमट होती.

त्यानं झटकन खाली ठेवली. "सरस फुगला असन," तो सोताशीच म्हने. मंग नबीले दटावलं, "हिले हात लावू नको, सांगून ठेवतो."

दुपारी जेवून उठला त काठी नाई. नबीबी नाई.

"हातात कशी बसते पाहून येतो म्हने, डोहावर," मेहरबी म्हने.

सैफुद्दीन अनवानीच पळाला. ऊन मी म्हनत होतं. डोहावर चिटपाखरू नाई. नबी छातीइतक्या पान्यात उभा. काठीले ना दोर, ना गळ. तरी काठी शेंड्यापासून वाकलेली, पान्याकडे.

"नबी! सोड ते!"

"मी कवाचा सोडून राह्यलो, भाई." नबीचा आवाज रडवेला. "ते सोडत नाई."

सैफुद्दीन पान्यात शिरला. त्याचं मनगट धरलं.

नबीची बोटं उघडीच होती.

सैफुद्दीननं कमरेचा चाकू काढला. साहेबाचं काय व्हाचं ते होवो. सारं बूच खरवडलं. भुगा पान्यावर तरंगत गेला, तवा काठी हातातून गळली.

नबी वाचला. आता खरादावर बसते, पन काम डाव्या हातानं करते. उजवा हात मांडीवर, बोटं फाकलेली. सैफुद्दीन त्याच्याकडे पाह्यचं टाळते. मधूनच नबीच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, अन् तो मान खाली घालून हळूच म्हनते,

"हो, हो. इथंच आहो मी."