पिठावरचा उजेड

माझी सून उजेड वळवते. गावात कोणी विचारलं की मी असंच सांगते, आणि ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहिलं की पुढे निघते. सगळ्यांना सगळं समजलंच पाहिजे असा कुठे कायदा आहे?

खरं काम असं. दिव्याच्या पोटात एक पाटी असते. काचेसारखी दिसते, पण पडली तर फुटत नाही. तिच्या कडेला बारक्या दिव्यांची पट्टी लावतात. उजेड कडेतून पाटीत शिरतो आणि आतल्या आत पळत राहतो, बाहेर येत नाही. पाटीच्या पाठीवर जिथे ठिपका कोरलेला असेल तिथे तो अडखळतो आणि खाली सांडतो. पट्टीजवळ ठिपके विरळ, दूर गेलं की दाट. कुठे किती, हे पुनम कॉम्प्युटरवर ठरवते आणि मशीन कोरते. मशीन आमच्या गोठ्यात आहे. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता.

पहिल्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे ओरखडा पडल्याबिगर बाहेर येत नाई तर. तुह्या सासऱ्यासारखाच हाय तुहा उजेड."

हसली. पुनम बल्लारपूरची, पोरगी शिकलेली. लग्नाआधी तीन वर्षं पुण्याच्या कारखान्यात हेच काम करायची. माझा धनराज रोज सकाळच्या गाडीने बल्लारपूरला पेपर मिलमध्ये जातो. मागे घरात आम्ही दोघीच. मालक, म्हणजे मुखरू, दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेले.

एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांसाठी दिव्यांचं काम निघालं होतं. उजेड पायवाटेवरच पडला पाहिजे, झाडीत जाता कामा नये, आणि मध्ये कुठे अंधाराचा तुकडा राहता कामा नये. वाघ अंधाराच्या तुकड्यातच बसतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. नागपूरचा कुलदीप नावाचा माणूस शुक्रवारी नमुना न्यायला येणार होता.

रविवारी रात्री जेवताना पुनम मान खाली घालून म्हणाली, "आई, हे काम नाई भेटलं तर पुण्याची नोकरी घ्यावी लागन. यायले पण तिकडंच काम पाहावं लागन."

धनराजने ताटातला भात उगाच इकडचा तिकडे केला. म्हणजे आधी बोलून झालं होतं दोघांचं.

"मंग जा न," मी म्हटलं. "मी का लहान लेकरू हाओ?"

तोंड असं माझं. पण रात्री मला घराला लावलेलं कुलूप दिसत राहिलं. बाहेरून लावलेलं, आणि मी आत.

सोमवारी दुपारी मधल्या खोलीत दिवा टांगला. ही खोली घराच्या पोटात आहे, खिडकी एकच. तिच्यावर पोती ठोकली, दारं ओढली की भर बारा वाजता रात्र होते. पुनमने जमिनीवर दोऱ्या ताणून चौकोन केले. भिंतीपासून माझ्या पाटापर्यंत चार ओळी, एका ओळीत पाच घरं. काठीला बांधलेलं उजेड मोजायचं मीटर एकेका घरावर धरायचं आणि आकडा सांगायचा. तिच्या लॅपटॉपचा उजेड आत नको, म्हणून ती दाराबाहेर बसणार. आत मी. चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे मला कोणी शिकवू नयेत.

"जमीन शेणाची हाय न, उजेड पिऊन टाकते," ती म्हणाली. "पांढरं काही असतं त डोयानंही समजलं असतं. चादर टाकू का?"

"चादरीले घड्या पडतात. थांब."

मी तांदळाचं पीठ काढलं आणि चाळणीने सगळ्या चौकोनांवर पसरलं. असं एकसारखं, की पुनम म्हणाली, "आई, मशीनलेही असं जमत नाई." मी नुसतं नाक उडवलं. पण बरं वाटलं.

पहिली ओळ. चाळीस, एकेचाळीस, नऊ, चाळीस, चाळीस.

"नऊ?" बाहेरून आवाज आला. "नीट धरा न आई."

"मी नीटच धरलं हाय. तुही पाटी नीट नाई."

डोळ्यांनाही दिसत होतं. पांढऱ्या पिठावर भिंतीजवळ एक काळसर डाग. मांडी घातलेल्या माणसाखाली जेवढी जागा जाते तेवढा.

ठिपके कमी पडले असतील, म्हणून पुनमने त्या जागेचे ठिपके दाट केले, रात्री दुसरी पाटी कोरली. मंगळवारी मी पुन्हा पीठ चाळलं. पहिली ओळ सगळी चाळीस. दुसऱ्या ओळीत मधल्या घरात नऊ.

बुधवारी तिसरी पाटी. नऊ तिसऱ्या ओळीत.

पुनम आत आली. तिने दिवा काढला, उलटा फिरवून टांगला. पाटीत खोट असती तर डाग दुसऱ्या बाजूला गेला असता. डाग हलला नाही. मग तिने मीटरचे सेल बदलले. मग वर बघितलं, आडवं लाकूड हाताने चाचपलं, कुठे सावली पडते का पाहिलं. काहीच नव्हतं.

"आई," ती हळू म्हणाली, "इथी पहिले काही ठेवलं राहे का?"

तेवढ्यात दार कोणीतरी ढकललं. माझी नणंद, सुगंधाबाई. गल्लीपलीकडेच घर तिचं. कुणाच्या घरात काय शिजतं हे चुलीच्या आधी तिला कळतं.

ती उंबरठ्यावरच थांबली. खाली पीठ पाहिलं. वर दिवा पाहिला.

"वयनी, हे काय मांडलं तू?"

"सुनेचं काम हाय. तुले नाई समजत."

"पीठ न दिवा मले समजत नाई?" तिने पदर तोंडाला लावला. "दादाच्या जागेवर! त्या दिवशी त पाखराचं पाऊल उमटलं होतं. मंग आता कोनाची वाट पाहून राह्यली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी तीन दिवस काय करत होते ते.

आमच्याकडे माणूस गेला की जिथे जीव गेला तिथे पीठ पसरतात, त्यावर दिवा ठेवतात, वरून टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पिठावर ठसा पाहतात. पाखराचं पाऊल दिसलं की जीव पाखराच्या जन्माला गेला. माणसाचं दिसलं तर माणसाच्या. ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी, सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी पार्बताबाई, सुनेने पांढरं काहीतरी मागितलं म्हणून उठले आणि आपल्या हाताने, मालकांचा जीव गेला त्याच खोलीत, दिव्याखाली पीठ चाळून ठेवलं.

सुगंधाबाई गेली. पुनमने विचारलं, "खरंच पाखराचं पाऊल उमटलं होतं का आई?"

"मंग का खोटं?" मी म्हटलं.

खोटंच होतं. आजवर कोणाला सांगितलं नाही, आता लिहिते.

त्या पहाटे टोपलं पहिल्यांदा मी उचललं होतं, सगळे उठायच्या आधी. दिवा विझला होता आणि पीठ कोरं होतं. मुंगीचीसुद्धा रेघ नाही. कोरं पीठ म्हणजे जीव कुठेच गेला नाही. ओसरीवर सुगंधाबाईचा खोकला ऐकू आला. उद्या ही गावभर सांगणार, वयनीनं दादाले धड जाऊही देलं नाई. मी अंगठ्याने पिठात तीन बोटं काढली, मागे एक टाच, आणि टोपलं परत झाकलं. मग सगळ्यांसमोर उचललं. बाया रडल्या. मुखरूभाऊ पाखरू झाला म्हणाल्या.

आणि पीठ कोरं का राहिलं, तेही मला ठाऊक होतं.

ते गेले ती मे महिन्यातली दुपार होती. उन्हाची झळ नको म्हणून दारं-खिडकी लावलेली. भिंतीजवळच्या बाजेवर ते पडून होते, तापाने डोळे जडावलेले. म्हणाले, "पार्बता, उजेड कर न वं."

मी तांदूळ निवडत बसले होते, याच पाटावर. म्हटलं, "भर दुपारी दिवा? लोक हसतीन."

पुढे काही बोलले नाहीत. मला वाटलं, रुसले.

गुरुवारी चौथी पाटी टांगली. शेवटची. पुनमचे डोळे सुजले होते, रात्रभर गोठ्यात मशीन चालू होतं. मी म्हटलं, आज पीठ नको. ती म्हणाली, "आई, कुलदीपभाऊले फोटो पाठवायचा हाय. पिठावरच चांगला दिसते." मी चाळलं. एकसारखंच पडलं.

दार ओढलं. ती बाहेर, मी आत.

पहिली ओळ, चाळीस. दुसरी, चाळीस. तिसरीही. बाहेर बटणं दाबल्याचा आवाज. पुनमचा जीव प्रत्येक आकड्यासरशी हलका होत होता, मला दाराआडूनही कळत होतं.

चौथी ओळ माझ्या गुडघ्यासमोर होती.

आधी वास आला. खर्र्याचा. चुना, सुपारी, तंबाखू. मग आवाज. प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटतात तो. सावकाश, तळव्याने, मालक घोटायचे तसा. पाटीवरची पन्नी सोलताना असाच आवाज होतो, मी स्वतःला सांगितलं. पण पाटीची पन्नी सकाळीच सोलून झाली होती.

मधल्या घरावर काठी नेली.

नऊ.

खाली पिठावर डाग होता. माझ्या पाटाला टेकलेला. घोटणं थांबलं होतं. पंगतीत समोर बसलेलं माणूस आपण बोलायची वाट पाहतं, तसं काहीतरी समोर होतं.

"आई?" पुनम बाहेरून म्हणाली. "चौथीतलं मधलं सांगा न."

मला बोलता आलं असतं. मुखरूला म्हणता आलं असतं, चुकले. पुनमला म्हणता आलं असतं, नऊ.

मला कुलूप दिसलं.

"चाळीस," मी म्हटलं.

बाहेर ती रडायलाच लागली, आनंदाने. मोबाइल घेऊन आत आली. मी उठून तिच्यासाठी जागा केली, आणि मी पाटावरून उठले तेव्हा पीठ सगळीकडे सारखं उजळलेलं होतं. डाग कुठेच नव्हता. तिने फोटो काढला. मी खाली वाकून पाहिलं. पीठ कोरं होतं.

ते पीठ मी गोठ्यामागे पुरलं.

कुलदीप आला, नमुना घेऊन गेला. काम मिळालं. तीनशे दिवे बनले, एटापल्लीकडे गेले, लागले. तिकडून कधी तक्रार आली नाही. वाट शेवटपर्यंत सारखी दिसते म्हणतात. पुण्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. गोठ्यात आता दोन मशीनं आहेत. सुगंधाबाई चार घरी सांगते, आमची सून लय हुशार. मी ऐकते.

मधल्या खोलीत मात्र मला दिसेनासं झालं आहे. दुसरीकडे सगळं दिसतं. अंगणात बसून हे लिहिते आहे, ओळ वाकडी होत नाही. मूल गावच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत औषध टाकून तपासलं. म्हणाला, "आजी, तुमचे डोये साफ हायेत." पण त्या पाटावर बसलं की हळूहळू मंद होतं. मी पाट हलवून पाहिला. खोलीभर हलवला. जाईन तिथे तेच. त्या खोलीत जाऊच नये, तर दुपारी पाय आपोआप तिकडे वळतात.

काल नवीन दिव्याची तपासणी होती. आकडे मला दिसत नाहीत म्हणून काठी आता पुनमच धरते. धनराजला सुट्टी होती, तो बाहेर लिहायला बसला. तपासणी अजून सुरू व्हायची होती. पोती काढलेली, दोन्ही दारं सताड उघडी. ऊन उंबरठा ओलांडून आत आलेलं असणार, कारण पायाच्या बोटांना चटका बसत होता. मी तांदूळ निवडत होते, हाताच्या अंदाजाने. तांदूळ दिसेनात. हातही दिसेना.

"पुनम," मी म्हटलं, "उजेड कर न वं."

ती हसली. "भर दुपारी दिवा, आई? लोक हसतीन."

हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

मग तिचं हसू मध्येच थांबलं. ती जवळ आली असावी, बांगड्या वाजल्या. काठी माझ्या डोक्यावरून सावकाश गेली, परत आली, तिथेच थांबली. बराच वेळ.

"काय आलं वं?" बाहेरून धनराजने विचारलं.

मी तिच्या श्वासाकडे कान लावून बसले होते.

"चाळीस," ती म्हणाली.

तो आवाज मी ओळखला. त्या गुरुवारचा, माझाच होता.