पापुद्र्यामागची माई

पिंजऱ्यातला उंदीर अचानक दिसायला लागला, तेव्हा अनघा टिपणीसनं नाक मुरडलं. सकाळपासून प्रयोगशाळेतल्या त्या काचेपलीकडे नुसता पिंजरा दिसत होता, उंदीर आत असूनही. आता तो कुशीवर पडलेला, दात विचकलेला, अगदी स्वच्छ दिसत होता.

"मेला वाटतं," तिचा सहकारी घोरपडे म्हणाला. काचेवर चिकटवलेल्या पापुद्र्याचं गणित त्याचं. "बघा मॅडम, काम कसं चोख! हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अंग किंचित थरारतं. तो थरार सापडला की पापुद्रा तेवढी आकृती पुसतो आणि तिथे मागची भिंत दाखवतो. ठोका नाही तर पुसणं नाही. मेलेलं म्हणजे सामानच की! टेबल, खुर्ची, उंदीर."

आपल्याच विनोदावर तो खो-खो हसला. अनघाला शिसारी आली. उंदराची कमी, त्याची जास्त.

तसा हा 'जीवलोप पापुद्रा' तिनं शोधला होता तोच मुळी किळसेपोटी. खिडकीला लावायच्या साध्या फिल्मची रड तिला ठाऊक होती. आत दिवा लागला की बाहेरच्यांना सगळं उघडं. जाड पडदा लावावा तर घराची कोठडी होते. तिच्या पापुद्र्यातून मात्र घर लख्ख दिसायचं. कुंड्या, देव्हारा, ताटात वाळत घातलेल्या कुरडया, सगळं. फक्त माणूस दिसायचा नाही. बसा म्हणावं आता डोळे फाडून!

हा टोला होता बिवलकर काकूंना. साताऱ्यात अनघाची आई, माई, एकटी राहायची आणि समोरच्या इमारतीत या काकू. मध्ये जेमतेम रिक्षा जाईल एवढी गल्ली. बाई दिवसभर खिडकीत. माईनं कुठलं पातळ नेसलं, किती वाजता उठली, लेक किती दिवसांनी आली, सगळी उठाठेव यांना! वर चार वाजले की चहाचा पेला उंच धरून दाखवायच्या, आणि माईही हसत आपला पेला उंचवायची.

"ईऽ, काय हे माई!" अनघा करवादायची. "त्या बाईची नजर झुरळासारखी फिरते गं अंगावरून."

"अगं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीचं काय बघणार ती? बघू दे की," माई म्हणाली होती. "छातीत कळ येते अधूनमधून. कुणाचं तरी लक्ष आहे म्हटलं की बरं वाटतं."

अनघानं ऐकलं नाही. दिवाळीत तिनं हॉलच्या मोठ्या बंद काचेवर पहिला पापुद्रा चिकटवला, स्वतःच्या हातानं. चहाचा पेला त्या दिवसापासून बंद झाला. माई धुसफुसली. आताही काल रात्रीपासून ती फोन उचलत नव्हती. रविवारी येते म्हणून सांगून अनघा गेली नव्हती ना, रुसली असणार.

टेबलावरचा फोन वाजला. बिवलकर काकू! आता इथेही नाक खुपसायला आल्या, असं पुटपुटत तिनं तो उचलला.

"अगं अनघा, माई दिसली हो मला आज! सहा महिन्यांनी! काढलंस ना ते मेलं चिकटवलेलं एकदाचं? फार बरं केलंस बाई."

"नाही काढलं, काकू."

"नाही? मग दिसतेय कशी? खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीय, हिरवं पातळ नेसून. सकाळपासून तशीच आहे. मी कधीची हात करतेय. पेलासुद्धा दाखवला. पण ढुंकून बघत नाही गं माझ्याकडे. रागावलीय का माझ्यावर?"

अनघाची नजर पिंजऱ्याकडे गेली.

"घोरपडे," ती म्हणाली, "पापुद्रा बिघडतो कधी? माणूस चांगला जिवंत असतानाही दिसतो, असं होतं?"

"छे हो!" घोरपडे दुखावलाच. "दहा हजार चाचण्या झाल्या, मॅडम. एकदाही नाही. बिघडला तर सगळी काचच काळी होते."

अनघाला पुन्हा शिसारी आली. ही किळस काकूंची नव्हती, घोरपडेची नव्हती. ज्या बोटांनी तो पापुद्रा माईच्या काचेवर घासून घासून बसवला होता, ती बोटं तिला फोनवरही नकोशी झाली.

"हॅलो? अनघा? ऐकतेस ना गं?"

"काकू, माईच्या शेजाऱ्यांना हाक मारा, दार फोडायला सांगा," अनघा कशीबशी बोलली. "पण तुम्ही खिडकीतून हलू नका. मी निघालेय. मी पोचेपर्यंत तिच्याकडे बघत राहा. काकू, तुमच्या पाया पडते, बघत राहा."