काना, मात्रा आणि एक रुमाल

बाबांची जुनी ब्लँकेटं द्यायला मी प्राण्यांच्या निवारा केंद्रात गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरचा खिसा माझ्याकडे टक लावून बघत होता. खरंच! ॲप्रनच्या खिशातून दोन टपोरे काळे डोळे... मग आणखी दोन.

"घाबरू नका, शुगर ग्लायडर आहेत," तो म्हणाला. "खारीएवढा जीव, पण चालण्यात कमीपणा वाटतो. अंगाची कातडी पसरून तरंगत जातात. कुणीतरी हौसेनं पाळले आणि कंटाळून इथे आणून सोडले."

ब्लँकेटं देऊन परतायचं होतं. परतले ती पिंजरा घेऊन.

"तीन आठवडे," पिंजरा गाडीत ठेवताना तो म्हणाला. "तोवर तुमच्या हातावर आले, तर तुमचे. नाहीतर परत न्यावे लागतील, नियमच आहे. आणि झोपायच्या पिशवीसाठी अंगावरचं कापड वापरा. हे माणूस वासानं ओळखतात."

बाबा मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांचे काना-मात्रा तपासत बसले. म्हणून जोडीची नावं काना आणि मात्रा. बाबा जाऊन चार महिने झाले होते, आणि 'जेवलीस का?' विचारणारी फक्त फोनवरची आत्या उरली होती.

"उंदीर पाळलेस म्हणे?"

"उंदीर नाहीत गं, आत्या."

"शेपूट आहे ना? मग झालं तर! आणि तो डॉक्टर कसा आहे?"

"त्याला शेपूट नाही."

दर शनिवारी संध्याकाळी तो पाहणीला यायचा. दार उघडायचा अवकाश, काना पडद्यावरून थेट त्याच्या खांद्यावर उतरायचा. मी हात पुढे केला की मात्र दोघं पिशवीत दडून करवतीसारखी करकरायची.

"माझ्यात काय खोट आहे?" दुसऱ्या शनिवारी मी वैतागून विचारलं.

"शोधतोय... अजून सापडली नाही." म्हणाला आणि स्वतःच लाल झाला. घाईघाईनं त्यानं चौकड्यांच्या फ्लॅनेलची ती पिशवी उचलली, हुंगली. "हा वास तुमचा नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"म्हणजे – तसं नाही – तंबाखूचा येतोय!"

मग सांगावंच लागलं. ब्लँकेटं दिली, पण बाबांचा एक शर्ट काही देववला नाही. धुववलाही नाही. त्याचीच पिशवी शिवून मी दिवसभर गळ्यात अडकवून हिंडत होते.

"म्हणजे यांची गट्टी जमली ती बाबांशी," तो हळू आवाजात म्हणाला. "बघा ना, कशी निवांत झोपतात आत."

"मग... ती काढून टाकायची?"

"काढायची कशाला? आत तुमचंही काहीतरी घाला. एक वास दुसऱ्याला घराबाहेर काढत नाही हो."

मी लगेच गळ्यातला स्कार्फ काढून कात्री चालवली.

तिसरा शनिवार. तो मुद्दाम दारातच थांबला. काना पडद्याच्या टोकावर चढला. त्यानं आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तळहातावर सफरचंदाची फोड धरली होती. आणि – हवेत एक करडा रुमाल उलगडावा तसा तो निघाला आणि माझ्या मनगटावर उतरला. पाठोपाठ मात्रा. ती तर सरळ बाहीत शिरली, आणि गुदगुल्यांनी मी मोठ्यानं हसले. माझं हसणं या खोलीनं चार महिन्यांत ऐकलं नव्हतं.

त्यानं कागदावर सही केली. "झालं. तुमचेच. आता मला यायला... तसं काही कारण उरलं नाही."

पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

इतकी पुस्तकं वाचलेली, ऐन वेळी एकही मदतीला येईना. मी नुसता हात पुढे केला.

"तुमचा रुमाल द्या."

"कशाला?"

"पिशवीत जागा आहे अजून."

त्यानं खिशातून चुरगळलेला रुमाल काढला आणि ओशाळला. "धुतलेला नाहीये..."

"तसाच हवाय. पण वास आठवडाभरात उडतो ना? दर शनिवारी नवा आणावा लागेल."

त्यानं रुमाल माझ्या हातात ठेवला. हात मात्र काढून घेतला नाही.

"शनिवारीच?" त्यानं विचारलं.