रखमाजीचे डोळे

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्यासोबत घडली ते तातेराव माझे सख्खे मामा. आजही हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण घडलंय हे नक्की.

साल २००४. मार्च महिना. जालन्यात मस्तगडला मामांचा फोटो स्टुडिओ होता, तिथली गोष्ट.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भरदुपारची होती...

तातेराव तेव्हा साठीला आले होते. सगळं आयुष्य डार्करूमच्या लाल दिव्याखाली गेलेलं. औषधांनी नखं पिवळी पडलेली, पाठ कायमची धरलेली. त्यांच्या मुलानं, वसंतानं, नुकताच कॉम्प्युटर, स्कॅनर आणि शाईचा प्रिंटर आणला होता. "अण्णा, ते अंधारातलं काम बंद करा आता," तो रोज म्हणायचा.

तातेराव वाद घालत नसत. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

त्या दुपारी पिंपळगाव रेणुकाईहून साळूबाई आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. पदराच्या गाठीतून त्यांनी एक जुनी निगेटिव्ह काढली.

"भाऊ, तुम्हीच काढल्ता हा फोटो. आमच्या मालकांचा."

तातेरावांना आठवलं. रखमाजी. वीसेक वर्षांपूर्वी फोटो काढला आणि त्याच साली तो माणूस एका सकाळी घरातून गेला, तो गेलाच. जिवंत असल्याची खबर नाही, मेल्याची नाही.

"पोरीचं लग्न काढलंय," साळूबाई म्हणाल्या. "पत्रिकेत ह्यांच्या नावापुढं कैलासवासी लिहायचं का न्हाई, त्याच्यावरून घरात रोज कटकट. दीर म्हणतात, लिहा, फोटोला हार घाला अन् मोकळ्या व्हा." त्या बाकावर टेकल्या. "मोठा फोटो करून द्या. मी बसते हितंच."

वसंतानं निगेटिव्ह स्कॅन केली. प्रिंटर करकरला. फोटो बाहेर आला.

खुर्चीवर बसलेला रखमाजी. डोळे टक्क उघडे.

तातेरावांनी फोटो उजेडात धरला. "काळा रंग खरा काळा वाटंना वसंता. निळसर मारून राह्यला. माणूस कागदात मुरलाच न्हाई, नुसता वर ठेवलाय."

"चालतंय अण्णा. कोण एवढं पाहतं?"

"एक फोटो मी हातानं काढतो. बराबर करून देऊ बाईला."

ते आत गेले. दार लावलं. लाल दिवा लावला.

एन्लार्जर या फोटो मोठा करायच्या यंत्रात निगेटिव्ह बसवून, कागदावर उजेड पाडून त्यांनी तो ट्रेमधल्या औषधात सोडला. ट्रे हलके हलके हलवू लागले. आधी काळं उमटतं, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. खुर्ची आली. केस आले. मिशा आल्या.

मग बुबुळं यायला हवी होती...

आलीच नाहीत.

त्यांच्या जागी दोन बारीक रेघा उमटल्या. पापण्या.

रखमाजीनं डोळे मिटले होते.

तातेरावांनी स्वतःचेच डोळे चोळले. दमलोय, म्हणाले. दुसरा कागद घेतला.

पुन्हा तेच. दोन्ही कागद त्यांनी फोटो पक्का करायच्या औषधात टाकले.

निगेटिव्ह भिंगाखाली धरली. डोळे उघडे! एन्लार्जरनं कोऱ्या पुठ्ठ्यावर पाडून पाहिलं. उघडे! कागदावर मात्र मिटलेले.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं... औषधांचा तो आंबूस वास गेला होता.

त्याच्या जागी शेवाळाचा वास. गाळाचा. कित्येक वर्षं न उपसलेल्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा.

आणि पाठीमागं कुणीतरी श्वास घेत होतं.

सावकाश... दमल्यासारखा...

तातेरावांनी मागं पाहिलं नाही. ओला फोटो उचलून ते तडक बाहेर आले.

वसंतानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. एकेक वाकून पाहिला. मग म्हणाला, "पेपर जुना असंल. औषध बाद झालं असंल."

"बाद औषधानं फोटो काळवंडतो, वसंता. डोळे मिटत न्हाईत."

वसंतानं मशीनवर आणखी एक काढला. उघडे. आणखी एक. उघडेच. सगळे एकासारखे एक.

साळूबाई कधी उठून जवळ आल्या, दोघांनाही कळलं नाही.

तातेरावांनी घाईघाईनं मशीनचा फोटो पुढं केला. "हा घ्या, बाई. चांगला आलाय."

त्यांनी त्याला हातही लावला नाही. ओला फोटो दोन्ही हातांनी उचलला. खूप वेळ पाहिला.

"लई दमलेले दिसून राह्यलेत," त्या म्हणाल्या. "मी बी दमले, भाऊ. वाट पाहून पाहून."

आणि तिथंच, दुकानात उभ्या उभ्या, त्यांनी पदराच्या टोकानं कुंकू पुसलं. रडल्या नाहीत.

"कैलासवासी लिहायला सांगते."

त्या गेल्यावर तातेराव ट्रे रिकामे करायला आत गेले. सवयीनं दार आतून लावलं. या वेळी साधा पांढरा दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. ट्रे उचलायला ते वाकले...

कोपऱ्यातल्या स्टुलाकडून आवाज आला.

"सायब... झालं का? हलू का आता?"

पुरुषाचा आवाज. फोटोसाठी स्थिर बसवून ठेवलं आणि मग सगळे विसरून गेले, अशा माणसाचा.

मामा सांगतात, भीती वाटायच्या आधी कीव आली. इतका तो आवाज थकलेला होता.

"झालं," ते म्हणाले. "जा आता."

स्टूल करकरलं.

मग काहीच नाही. दार आतून बंद होतं. बंदच राहिलं.

त्या दिवसानंतर डार्करूम उघडली नाही. लग्न झालं. रखमाजीचा पत्ता आजवर लागलेला नाही. वसंता अजूनही म्हणतो, औषधच बाद होतं.

मामांना मात्र झोप लागत नाही.

"म्या त्याला जा म्हणलं," ते म्हणतात. "पण कुठं जायचं, ते सांगितलंच न्हाई. अन् तो घरीच गेला असंल, तर?"