वेशीवरची थट्टा

ही घटना खरी आहे. फिजीमधल्या तावेउनी बेटावर, गेल्या कोरड्या हंगामात घडलेली. ज्याच्यासोबत घडली तो इनोके आजही तिथेच आहे.

निदान, आहे असं तो म्हणतो.

रात्र नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं.

इनोके पाहुण्यांना घोड्यावरून डोंगरातल्या धबधब्यापर्यंत नेतो. तो पुढे, मागे पाहुण्यांची घोडी आणि सगळ्यात शेवटी जेवणाचं सामान घेऊन जीप. जीप चालवायचा त्याचा मामेभाऊ, व्हिलिमोने.

तिथे आते-मामेभावंडांनी एकमेकांना काहीही बोलावं. कुणी रागवायचं नाही, अशी रीतच आहे.

"काय रे घोडेवाल्या, तुझी म्हातारी घोडी पोचेल ना आज? की जीपमध्ये घालू तिला?"

"तुझं डबडं चिखलात रुतलं की हीच ओढेल, मामाच्या पोरा!"

त्याच्या दोन दिवस आधी अवकाळी पावसात ओढ्याने नेहमीची वाट खाल्ली होती. उरली होती जुन्या गावातली वाट.

जुन्या गावात आता कुणी राहत नाही. घरांचे दगडी चौथरे तेवढे आहेत. पूर्वज खाली किनाऱ्यावर उतरले... पण सगळेच उतरले नाहीत, असं म्हणतात. म्हणून त्या वाटेने जायचं तर आधी गावच्या वडीलधाऱ्यांसमोर, रातू एरोनींसमोर, यंगोनाच्या, ज्यांचं पेय करतात त्या, मुळ्यांची जुडी ठेवायची. ते वरच्यांची परवानगी मागतात.

"जुडी दिलीस ना?" इनोकेने व्हिलिमोनेला विचारलं.

"दिली रे. कालच संध्याकाळी."

"नक्की?"

"तुझ्याशी खोटं बोलेन का मी?"

इनोकेने विश्वास ठेवला.

वेशीपाशी तो उतरला. टोपी काढली. पाहुण्यांनाही उतरवलं. गावातून घोड्यावर बसून जात नाहीत. ते गाव रिकामं असलं तरी.

मागे जीप क्षणभर थांबली. व्हिलिमोने चौथऱ्यांकडे तोंड करून काहीतरी ओरडला आणि हसला. इंजिनच्या घरघरीत इनोकेला शब्द कळले नाहीत.

ते आत शिरले.

आधी पाखरं गप्प झाली.

मग जीपचा आवाज गेला. लांब गेला नाही... नुसता गेला.

घोडी थांबली. सगळी एकदम.

आणि मग...

टाळ्या.

पोकळ तळव्यांच्या, संथ, खोल टाळ्या. खूप माणसांच्या.

समोर एकही माणूस नव्हतं.

"वा! आपलं स्वागत का?" एका पाहुणीने हसून विचारलं.

इनोकेला ठाऊक होतं. अशा टाळ्या स्वागताच्या नसतात. समोर ठेवलेली वस्तू स्वीकारली की त्या वाजवतात.

पण इथे कुणी काय ठेवलं होतं?

त्याने घोड्यांकडे पाहिलं. घोडी बिथरली की आवाजाच्या दिशेने कान टवकारतात. या घोड्यांचे कान चौथऱ्यांकडे नव्हते.

सगळे इनोकेकडे होते.

त्याच्या घोडीने हिसका दिला आणि लगाम त्याच्या हातातून सोडवून घेतला.

संध्याकाळी पाहुण्यांना पोचवून तो रातू एरोनींकडे गेला. जुडीचं नाव काढताच म्हातारे म्हणाले, "कसली जुडी? माझ्याकडे कुणी आलं नाही."

व्हिलिमोनेला बोलावलं. तो खाली बघत राहिला.

"विसरलो. मग वेशीवर म्हटलं, 'जुडी नाही आणली, म्हाताऱ्यांनो! हा पुढे चाललाय ना, तो आमचा इनोके. त्यालाच ठेवून घ्या.' थट्टा रे! आपण करतोच की!"

रातूंनी इनोकेला विचारलं, "टाळ्या वाजल्या?"

"वाजल्या."



"परत मागता येतं," रातू म्हणाले. "पण ज्याने दिलं त्यानेच जायचं. पायी, माफीसाठी देतात तो देवमाशाचा दात घेऊन. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत."

व्हिलिमोनेने इनोकेचा हात धरला. "उद्या उजाडताच जातो. शपथ."

उजाडलं तेव्हा त्याची खोली रिकामी होती. तो पहाटेच्या बोटीने सुवाला गेला होता. तिथून ऑस्ट्रेलियात, फळं तोडायच्या कामाला. कागदपत्रं महिन्यापूर्वीच झाली होती. इनोकेला त्याने सांगितलं नव्हतं.

फोन लागला तो एकदाच.

"परत ये," इनोके म्हणाला. "एक दिवस ये फक्त."

"नोकरी जाईल रे. आणि असल्या गोष्टी काय धरून बसतोस?"

तेव्हापासून...

यंगोनाच्या बैठकीत वाटी सगळ्यांकडे फिरते. इनोकेला ओलांडून पुढे जाते. वाढणारा दचकतो, माफी मागतो. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

घोडी त्याला पाठीवर घेते. पण ओल्या वाळूत तिचे खूर पूर्वीसारखे रुतत नाहीत. त्याने कितीदा तरी उतरून ठसे पाहिले. ती मोकळी चालते तेव्हा उमटतात तसेच... उथळ.

मागच्या आठवड्यात फोन वाजला. इनोके जेवत होता. आईने उचलला. पलीकडे व्हिलिमोने होता. त्याचा आवाज इनोकेलाही ऐकू आला.

"आत्या, इनोके बरा आहे ना? तिथेच आहे ना?"

"इनोके?" आई म्हणाली. "तो इथे कुठे असतो आता? तो वरच्या गावात राहतो ना."

तिच्या दुसऱ्या हातात वाढायचा चमचा होता. त्यातला तारोच्या कंदाचा तुकडा तिने इनोकेच्या ताटावरून पुढे नेला... आणि परत भांड्यात टाकला.